समाजमंदिराची चावी : ज्येष्ठ व मनोरंजन कार्यक्रमाच्या प्रकल्प नोंदी, 2024-25

2 एप्रिल 2024
नवं आर्थिक वर्ष लागलं आणि ‘ज्येष्ठ नागरिक व मनोरंजन’ ही फाइल माझ्या टेबलावर आली. मी नगर परिषदेत समुदाय संघटक, कंत्राटी. आजवरचं काम बचत गटांचं. गाव वर्धा जिल्ह्याच्या पश्चिमेला, चहूकडे कापूस, सोयाबीन, तूर.

फाइलमध्ये मागच्या तीन वर्षांचे कागद आहेत. 1 ऑक्टोबरचा ज्येष्ठांचा सत्कार, 21 जूनचा योग दिन, एखादं आरोग्य शिबिर, मुलांचं उन्हाळी शिबिर. मंडप, खुर्च्या, शाल, नारळ, नाश्ता, बॅनर यांची बिलं व्यवस्थित लावलेली. फोटोत म्हातारी माणसं मांडीवर शाल घेऊन रांगेत बसली आहेत आणि माइकसमोर प्रत्येक वेळी चाळिशी-पन्नाशीतलं कोणीतरी आहे. एकाही कागदावर ज्येष्ठांना काय हवं ते विचारल्याची नोंद नाही.

लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चपासून लागली आहे, त्यामुळे जून उजाडेपर्यंत नवीन काही जाहीर करता येणार नाही. मला ते बरंच वाटलं. दोन महिने नुसतं विचारत फिरता येईल.

11 एप्रिल
सकाळी वॉर्ड 4 मधला पिंपळाचा पार. दहा-बारा पुरुष, सगळे पासष्टीच्या पुढचे. पाराला लागूनच समाजमंदिर आहे: मोठा हॉल, ओटा, बाजूला संडास, नळ. दाराला कुलूप. चावी आमच्या कार्यालयात, भांडार खोलीतल्या खिळ्यावर.

एसटीतून निवृत्त झालेले एक चालक काका स्पष्ट बोलले. “मॅडम, तुमच्या कार्यक्रमाले आम्ही येतो, नाही म्हणत नाही. पण तुमचा कार्यक्रम वर्षातून दोनदा, अन् आमचा दिवस त रोजच उगवते.” मग कुलपाकडे बोट दाखवून म्हणाले, “हे काहून बंद राहते, एवढं सांगा.”

कार्यालयात परत येऊन विचारलं. उत्तर मिळालं, वस्तूंची जबाबदारी कोण घेणार? वस्तू म्हणजे वीस प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन पंखे आणि एक सतरंजी.

माझ्या वहीत आजपासून पहिल्या पानावर एकच काम : चावी.

18 एप्रिल
या निवडणुकीत 85 च्या वरच्यांना घरून मतदानाची सोय आहे (आधी ही मर्यादा 80 होती), अर्ज 12-घ भरलेल्यांना. आज मतदान पथक आमच्या गावात होतं. मी पथकात नव्हते, पण पथक गेल्यावर त्या घरांत जाऊन आले. ही माणसं मला पारावर कधीच भेटली नसती. वॉर्ड 2 मधल्या एका आजींचं दोन वर्षांपूर्वी मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून त्या माजघरातल्या खाटेवर आहेत. म्हणाल्या, पथकातल्या पोराने “आजी” म्हणून हाक मारली, बाहेरच्या माणसाने हाक मारल्याला किती दिवस झाले होते ते आठवत नाही.

घरातच अडकलेल्यांची वेगळी यादी सुरू केली. आज 11 नावं.

24 मे
उद्यापासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. दुपारी अकरानंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. पारा 45 च्या आसपास, घरोघरी कूलर, आणि लाइट गेली की म्हातारी माणसं ओला पंचा डोक्यावर टाकून दारात बसतात. या दिवसांत ज्येष्ठांसाठी काहीही ठेवायचं नाही, हे वार्षिक आराखड्यात लाल शाईने लिहिलं. मागच्या एका वर्षी आरोग्य शिबिर मे महिन्यात, सकाळी साडेअकराला ठेवलं होतं! कागदावर उपस्थिती चांगली दिसते. ती माणसं घरी परत कशी गेली असतील, याचा विचार करून आज माझं डोकं भणभणलं.

मुलांचं उन्हाळी शिबिर मात्र दरवर्षीचंच, म्हणून चालू. सकाळी 6 ते साडेआठ, शाळेच्या मैदानावर. तिथे अपेक्षा नसताना एक गोष्ट झाली. तिसऱ्या दिवसापासून चार-पाच आजोबा कडेला येऊन उभे राहू लागले. आज त्यातल्या एकांनी न राहवून विटी हातात घेतली आणि दांडूने अशी कोलली की पोरं तोंडात बोट घालून पाहत राहिली. मग आट्यापाट्यांचं मैदान आखून दिलं: किती पाट्या, पाटीवाल्याने कसं अडवायचं, कुठून हुलकावणी द्यायची. प्रशिक्षक म्हणून नेमलेल्या तरुणाला हा खेळ ऐकूनच माहीत होता. त्याने मोकळेपणाने सांगितलं, उद्यापासून शेवटचा अर्धा तास यांनाच द्या. मी लगेच दिला.

10 जून
आचारसंहिता उठली. टिपणी सादर केली. मुद्दे तीनच ठेवले. वॉर्ड 4 चं समाजमंदिर रोज दुपारी 2 ते 6 उघडं राहावं. मंडप आणि शाल-श्रीफळावरचा खर्च कमी करून तो संडासाच्या दुरुस्तीला द्यावा. चावी ज्येष्ठांपैकीच पाच जणांच्या समितीकडे राहावी, वस्तूंची यादी करून, सहीनिशी.

लेखापालांनी समजावून सांगितलं की पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचा मोठा भाग पाणी आणि घनकचऱ्याला बांधलेला असतो, त्याला हात लावता येत नाही. जे करायचं ते नगर परिषद फंडातून. ते तीस वर्षं या टेबलावर आहेत, त्यांचं म्हणणं मी शब्दशः उतरवून घेतलं. दुरुस्तीचं लेखाशीर्ष (खर्चाचं खातं) वेगळं, कार्यक्रमाचं वेगळं, एकातून दुसरीकडे वळवायला प्रशासकांची मान्यता लागते. निवडून आलेलं सभागृह नाही, त्यामुळे सगळं एकाच सहीवर थांबलेलं असतं.

12 जुलै
सगळं थांबलं आहे. ‘माझी लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झाल्यापासून कार्यालयात पाय ठेवायला जागा नाही. मलाही त्याच खिडकीवर बसवलं आहे. वयाची अट 21 ते 65. पासष्टी ओलांडलेल्या बाया रांगेत दोन-दोन तास उभ्या राहून खिडकीपाशी येतात आणि “तुमचं वय बसत नाही” ऐकून निमूट वळतात. तिसऱ्या दिवशी मला ते पाहवेना. रांगेच्या तोंडाशीच एक टेबल टाकून घेतलं. 65 च्या वरच्यांना श्रावणबाळ योजनेची माहिती तिथेच : महिना 1500 रुपये, अर्ज तहसीलला. आणि मुख्यमंत्री वयोश्रीचा अर्ज : 65 पूर्ण, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत, चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच 3000 रुपये थेट खात्यात.

चालक काका स्वतःहून टेबलावर येऊन बसले. अर्ज भरण्यात त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा सुवाच्य आहे.

17 जुलै
आषाढी. पारावर भजन. आजच्या दिवशी आपण काहीही ठेवायची गरज नाही. लोकांचं जे आधीच चालू आहे त्यावर बॅनर लावायला जायचं नाही, हा नियम मी मला घालून घेतला.

8 ऑगस्ट
चावीची टिपणी शेरा मारून परत आली : “चर्चा करावी.” चर्चा केली. शिपाई दुपारी 2 ला उघडेल आणि 6 ला लावेल, एवढ्यावर तोडगा. समिती नाही. मी तूर्त होकार दिला. दार उघडणं महत्त्वाचं.

2-3 सप्टेंबर
पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. दोन्ही दिवस आभाळ भरलेलं.

तान्ह्या पोळ्याची स्पर्धा नगर परिषद दरवर्षी घेते : लाकडी नंदी सजवायचा, पोरांनी वेशभूषा करायची, पहिला-दुसरा-तिसरा नंबर. यंदा परीक्षक म्हणून पारावरच्या तीन आजोबांना बसवलं. एक सुतार, दोन कास्तकार. त्यांनी चमचम पाहिलीच नाही. नंदीची मान, खांदा, वशिंड, पायांची ठेवण पाहिली आणि पोरांना विचारलं, “याले नाव काय ठेवलं? रात्री काय चारलं?” ज्याला सांगता आलं त्याला नंबर. दोन-तीन पालक नाराज झाले. मला निकाल योग्य वाटला.

खरी गंमत आदल्या दिवशी झाली. तोरणाखाली बैल उभे असताना झडत्या, म्हणजे चिमटे काढणारी पोळ्याची पदं, म्हणायची पद्धत. आता डीजेच्या आवाजात झडती कोणाला ऐकू जाते? या वेळी मी पोलिस पाटलांना आणि मंडळाच्या पोरांना आधीच भेटून वीस मिनिटं डीजे बंद ठेवायला सांगितलं होतं. त्यांनी ठेवला. चार म्हाताऱ्यांनी एकामागून एक झडत्या म्हटल्या, भावावरच्या, नापिकीवरच्या, मास्तरावरच्या, पुढाऱ्यावरच्या. “हर बोला हर हर महादेव” चा गजर झाला तेव्हा तरुण पोरं मोबाइल वर धरून रेकॉर्ड करत होती. वीस मिनिटांचे चाळीस झाले. या कार्यक्रमाला खर्च शून्य आला.

20 सप्टेंबर
आजची नोंद मोठी होणार.

समाजमंदिर ऑगस्टपासून उघडं आहे. रोज 15 ते 20 पुरुष येतात, पेपर वाचतात, पत्ते, बुद्धिबळ, शुक्रवारी खंजिरी भजन. बाया? एकही नाही. मी घरोघरी जाऊन बोलावलं, “हो येतो” म्हणाल्या, आल्या नाहीत. कारण विचारलं तर “काम राहते बाई”.

भाद्रपद पौर्णिमेपासून भुलाबाई बसतात. आमच्या भागात भुलाबाई-भुलोजी (पार्वती-शंकर) मांडून पोरी कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि डबा वाजवून आतली खिरापत ओळखायला लावतात. आता ही गाणी शाळेतल्या मुलींना दोन-चारच येतात. जुन्या बायांना येतात. म्हणून मी समाजमंदिराच्या ओट्यावर भुलाबाई मांडली आणि ज्येष्ठ महिलांना “या” म्हणायच्या ऐवजी “आमच्या पोरींना गाणी शिकवाल का” असं विचारलं.

पहिल्या दिवशी 9 आल्या. काल 26. आज मोजल्या नाहीत, ओटा भरला होता.

बोलावण्यातला हा फरक मला इतके महिने कळला नव्हता. साठ वर्षं घर, वावर, गोठा ओढलेल्या बाईला “तुमच्यासाठी कार्यक्रम आहे, येऊन बसा” म्हटलं की ती संकोचते. नुसतं बसायला जाणं तिला शोभत नाही, घरचेही विचारतात कशाला चाललीस. “तुमच्याकडून काही हवं आहे” म्हटलं की ती पदर खोचून निघते.

अडचणीही आजच उघड झाल्या. संडासात फिनाइलचे डबे, झाडू आणि जुने बॅनर भरलेले. भारतीय पद्धतीचं भांडं, धरायला काही नाही, दाराला आतून कडी नाही. एक आजी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “पोरी, म्हणून येत नव्हतो आम्ही. दोन घंटे बसायचं अन् मधात जायचं झालं त जायचं कुठी?” पुरुष बाहेर जाऊन येतात. त्यांनी पाच आठवड्यांत ही गोष्ट एकदाही बोलून दाखवली नाही, कारण त्यांना ती जाणवलीच नाही. आणि मीही स्वतः बाई असून विचारलं नाही. ही चूक माझी.

संध्याकाळी पाच मुलींना घेऊन वॉर्ड 2 मधल्या त्या खाटेवरच्या आजींकडे गेले. ओट्यावरच्या बायांनी सांगितलं होतं, सगळ्यात जास्त गाणी तिलेच येते. आजींनी डोळे मिटून सुरुवात केली आणि सलग चार गाणी म्हटली. मुलींनी वहीत उतरवून घेतली. सून दारात उभी राहून ऐकत होती, म्हणाली लग्न होऊन अठरा वर्षं झाली, मी हे कधी ऐकलं नाही.

1 ऑक्टोबर
आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. संयुक्त राष्ट्रांनी 1990 मध्ये ठरवला, 1991 पासून पाळला जातो. सत्काराला मी विरोध केला नाही, काहींना तो हवा असतो आणि त्यात वाईट काही नाही. पण शालीऐवजी आज संडासाच्या कामाचा नारळ ज्येष्ठ बायांच्या हातून फोडला. मुख्याधिकारी आले, थांबले, ऐकलं. कमोड, दोन्ही बाजूंना धरायच्या दांड्या, आतून कडी, उंबरठ्यापाशी उतार. दुरुस्तीच्या लेखाशीर्षातून मान्यता मिळाली.

एकाने मुलगा विचारत नाही म्हणून तक्रार सांगितली. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, दरमहा निर्वाह भत्ता ठरवून मिळतो, वकील लागत नाही, हे सांगितलं. 14567 ही हेल्पलाइनही लिहून दिली. त्यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, “अर्ज नाही करायचा. पोरगा आहे माह्या. फक्त कोणाले तरी सांगायचं होतं.” ते रोज येतात आता.

16 ऑक्टोबर
काल दुपारी विधानसभेची घोषणा झाली, आचारसंहिता लागली. आज कोजागिरी. भुलाबाईचं विसर्जन, आटवलेलं दूध, पोरींची गाणी, सगळं ठरलेलं. सकाळी कार्यालयातून निरोप : समाजमंदिर मतदान केंद्राच्या यादीत आहे, कार्यक्रम रद्द, दार बंद. मी म्हणाले, यात पुढारी नाहीत, बॅनर नाही, आधीची मान्यता आहे. ऐकलं गेलं नाही. नंतर गैरसमज नको, एवढंच उत्तर.

चार वाजता हे सांगायला मी ओट्यावर गेले. पाय उचलत नव्हते. बायांनी ऐकून घेतलं. मग एकीने विचारलं, “कुलूप दाराले लागलं का ओट्याले?”

दूध प्रत्येकीने घरून आणलं. चूल मंदिराच्या आवारात पेटली. खिरापतींचे डबे मी मोजले नाहीत, पण ओळखता ओळखता साडेदहा वाजले. मी सरकारी माणूस म्हणून नव्हे, शेजारच्या वॉर्डातली मुलगी म्हणून कडेला बसले. वॉर्ड 2 मधल्या आजींना त्यांच्या नातवांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. चंद्र माथ्यावर आला तेव्हा त्या गात होत्या.

20 नोव्हेंबर
मतदान. महिनाभर समाजमंदिर बंदच. शिवाय कापूस फुटला आहे. पासष्टीच्या बाया अजूनही वेचायला जातात, किलोवर मजुरी, पहाटे निघून संध्याकाळी परत. सोयाबीनची सोंगणी आटोपली की वेचणी, मग तूर. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आमच्या ज्येष्ठांना ‘निवृत्त’ म्हणणं चुकीचं आहे. आराखड्यात या महिन्यांत फक्त संध्याकाळी 6 नंतरचे कार्यक्रम ठेवायचे, नाहीतर काहीच नाही.

5 डिसेंबर
दार पुन्हा उघडलं. संडास तयार. 70 च्या वरच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड 29 ऑक्टोबरपासून सुरू झालं आहे, उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंत उपचार. नोंदणीचा संगणक दोन दिवस इथेच आणवला. बऱ्याच जणांचे अंगठे लागत नाहीत, आयुष्यभर विळा-खुरपं धरून रेषा झिजल्या आहेत. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय वापरली. ती सकाळच्या उजेडात चालते, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली वारंवार अडकते. पुढच्या वेळी नोंदणी 9 ते 11.

20 डिसेंबर
गाडगेबाबांची पुण्यतिथी. पुरुष मंडळींनी स्वतः पार, नाली आणि ओटा झाडून काढला. भाषण ठेवलं नाही.

14 जानेवारी 2025
संक्रांत. ही नोंद मला नीट लिहायची आहे.

कार्यालयाच्या जुन्या यादीत ‘ज्येष्ठ महिला हळदीकुंकू’ असं आहे. मी माझ्या हजेरीच्या वहीवरून पाहिलं. ओट्यावर नियमित येणाऱ्या बायांपैकी निम्म्याहून जास्त विधवा आहेत. साठीनंतर असंच असणार, बायका नवऱ्यांपेक्षा वयाने लहान असतात आणि जास्त जगतात. मग ज्येष्ठ महिलांचं हळदीकुंकू म्हणजे निम्म्या बायांना दारातून परत पाठवणं. मागच्या वर्षांच्या फोटोंत त्या नाहीत, याचं कारण मला आज समजलं.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने तो आदर्श धरून परिपत्रक काढलं. ते परिपत्रक मी टिपणीला जोडलं आणि ‘तिळगुळ व वाण, सर्व ज्येष्ठ महिलांसाठी’ असं नाव दिलं. मान्यता मिळाली. पण कागद वेगळा आणि ओटा वेगळा.

आज दुपारी सगळ्या आल्या. सवाष्ण बाया ओट्यावर पुढे बसल्या, विधवा आपोआप भिंतीकडे सरकल्या, कोणी सांगितलं नव्हतं. वाण म्हणून स्टीलचे डबे होते. कोणाच्या हातून सुरुवात करायची, हे मी ठरवलं नव्हतं. तेवढ्यात भुलाबाईच्या वेळी मुलींना टिपऱ्या शिकवणाऱ्या आजी, ज्या स्वतः सवाष्ण आहेत, उठल्या. कुंकवाचा करंडा घेऊन भिंतीकडे गेल्या आणि पहिल्याच विधवा बाईला म्हणाल्या, “लावू का?” त्या बाईने मान हलवली, नको. आजींनी आग्रह केला नाही. करंडा खाली ठेवला, तिळगुळ हातावर दिला, वाण दिलं आणि तिच्या शेजारीच भिंतीला टेकून बसल्या. मग दुसरी उठली, तिसरी उठली. थोड्या वेळाने भिंतीकडे आणि पुढे असा फरकच राहिला नाही. शेवटी तिघींनी कुंकू लावून घेतलं. बाकीच्यांनी नाही.

कुंकू लावलं की नाही, हा माझा आकडा नाही. सगळ्या एका ओळीत बसल्या, एवढं मी अहवालात लिहिणार आहे.

21 जानेवारी
आज खेळ नाही. बुद्धिबळाला रोज बसणारे गुरुजी काल रात्री गेले. हजेरीत 19 तारखेपर्यंत सही आहे. डाव मांडलेला तसाच ठेवला आहे.

6 फेब्रुवारी
सहल. सेवाग्राम आणि पवनार.

दरवर्षी प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने, एसटी घ्यायची पद्धत आहे आणि त्यात पैसा संपतो. चालक काकांनी हिशोब मांडला : साध्या फेरीने गेलं तर 75 च्या वरचे फुकट, 65 ते 75 ला अर्ध तिकीट, बायांना सगळ्यांनाच अर्ध. मागच्या महिन्याच्या शेवटी भाडं सुमारे 15 टक्क्यांनी वाढलं, तरी हे कितीतरी स्वस्त. सकाळच्या गाडीला गर्दी कोणत्या थांब्यावर होते, वर्ध्याला कोणती गाडी कुठे लागते, हे त्यांना पाठ. आम्ही 34 जण, दोन गाड्यांत विभागून. प्रत्येकाच्या गळ्यात आधारची झेरॉक्स आणि माझा नंबर. डबे घरचे : भाकरी, झुणका, ठेचा, कांदा.

सेवाग्रामला बापू कुटीत सगळे गप्प झाले. गांधीजी 1936 मध्ये इथे आले तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं, हे तिथल्या कार्यकर्त्याने सांगितलं. आमच्या सुताराने मातीची भिंत, बांबू, कौलं हाताने चाचपून पाहिली आणि काम पक्कं असल्याचा निर्वाळा दिला.

पवनारला धाम नदीच्या काठावर एक 78 वर्षांच्या आजी पायरीवर बसल्या त्या उठेनात. 1982 च्या नोव्हेंबरात विनोबा गेले तेव्हा त्या सासरच्या माणसांबरोबर बैलबंडीने इथे आल्या होत्या. गर्दी इतकी होती की नदीपर्यंत पोहोचताच आलं नाही, कडेवरचं पोरगं रडत होतं, तशाच परत गेल्या. त्यानंतर कधी येणं झालं नाही. वर्धा इतकं जवळ असून बेचाळीस वर्षांत जमलं नाही. त्यांनी पाण्यात पाय सोडले आणि आम्ही परतीची गाडी सोडून पुढची धरली.

एक चूक : वर्ध्याच्या स्थानकावर दीड तास थांबावं लागलं, दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरी राहिल्या होत्या. पुढच्या सहलीच्या चिठ्ठीत गोळ्या पहिल्या ओळीत.

20 फेब्रुवारी
गजानन महाराज प्रकट दिन. गावात महाप्रसाद. आमच्या समितीच्या बायांनी वाढायचं काम घेतलं. समिती अजून कागदावर मंजूर नाही, पण गाव तिला समितीच म्हणतं.

11 मार्च
शिपायाची बदली पाणीपुरवठ्याकडे झाली. उन्हाळ्यात टँकरची कामं वाढतात, ते योग्यच आहे. पण मग समाजमंदिर कोण उघडणार? तीन दिवस बंद राहिलं. चौथ्या दिवशी चालक काका, सुतार आणि टिपऱ्यांच्या आजी असे तिघं कार्यालयात आले. सोबत कागद होता, काकांच्या सुवाच्य अक्षरात : खुर्च्या 20, पंखे 2, सतरंजी 1, बुद्धिबळ पट 2, खंजिरी 1, टिपऱ्या 14 जोड. खाली पाच सह्या, त्यातला एक अंगठा. मुख्याधिकाऱ्यांनी वाचलं, लेखापालांना बोलावलं, शेरा मारला. भांडार खोलीतल्या खिळ्यावरून चावी काढून मी स्वतः आजींच्या हातात दिली. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली.

28 मार्च
वर्षअखेरीची देयकं सादर केली. मंडपाच्या शीर्षात रक्कम उरली, ती पुढच्या वर्षी वळवायची टिपणी आत्ताच लिहून ठेवली. पुढच्या आराखड्यात मी सण आणि पेरणी-वेचणी यांचं वेळापत्रक आधी मांडलं, ‘दिन’ नंतर. उन्हाळ्यात सकाळी 6 ते 8, मुलांच्या शिबिरात आट्यापाट्यांसाठी दोन आजोबांना मानधन, ही मागणी घातली आहे. मिळेल की नाही, एप्रिलमध्ये कळेल.

घरात अडकलेल्यांची यादी मात्र 11 वरून 14 झाली आहे आणि त्यातल्या फक्त चौघांपर्यंत वर्षभरात मी नियमित पोहोचले. चारजणांना वयोश्रीचे पैसे मिळाले, त्यातून दोघांनी वॉकर घेतले. बाकीच्यांकडे दर आठवड्याला एक जोडी जाईल, ओट्यावरच्या बाया आणि शाळेतल्या मुली मिळून. जोड्या ठरल्या, वार ठरले.

वॉर्ड 2 : सोमवार, दुपारी 4. मुलींनी वही आणायची. चौदा गाणी उतरवून झाली, पंधराव्याची शेवटची दोन कडवी आजींना आठवायची आहेत.